सोमवारचा पहिला बोर्ड

१

पाठवलेला माल परत आला की कारखान्यातल्या सगळ्यांचे चेहरे एकसारखे होतात. 'मी नाही बरं का त्यातला' असे. मंगळवारी सकाळी माल उतरवायच्या दारात जी पेटी येऊन पडली, तिच्याभोवती असेच चेहरे गोळा झाले होते. पेटीवर गिऱ्हाइकाने चिकटवलेल्या कागदावर एकच शब्द ठळक छापला होता: शिसं.

त्यात एवढं काय, असं बाहेरच्याला वाटेल. पण या कारखान्यात तो शब्द शिवीसारखा होता. दवाखान्यात खाटेशेजारी जी यंत्रं टिकटिकतात त्यांचे सर्किट बोर्ड इथे बनत. पूर्वी बोर्डावरचे पुर्जे कथील आणि शिशाच्या मिश्रणाने जोडायचे. पुढे बोर्ड कचऱ्यात गेले की त्यांतलं विष माती-पाण्यात उतरतं हे लोकांच्या ध्यानात आलं, कायदे झाले आणि शिशाची हकालपट्टी झाली. त्याच्या जागी कथील, जराशी चांदी आणि किंचित तांबं असं नवं सोल्डर आलं. शिशाचा कणसुद्धा या इमारतीचा उंबरा ओलांडणार नाही, असा शब्द साहेबांनी गिऱ्हाइकाला दिला होता. आणि आता परत आलेल्या पेटीतल्या काही बोर्डांत तेच निघालं होतं.

"दुर्बिणीला बोलवा," साहेब म्हणाले.

दुर्बीण म्हणजे प्रयोगशाळेतली बाई. चाळिशी केव्हाच ओलांडलेली, बिनखिडकीच्या खोलीत दिवसभर भिंगाला डोळा लावून बसणारी. मेलेला बोर्ड कशाने मेला हे शोधून काढायचं, हे तिचं काम. लोक तिला घाबरत असं नाही, पण जेवायच्या सुट्टीत तिच्या शेजारी बसायला कुणी राजी नसे. दुर्बीण ज्याच्या जवळ बसते त्याचं काहीतरी बाहेर पडतं, अशी तिची कीर्ती होती. घरी ती एकटी. शेजारचं बिऱ्हाड बदललं हेसुद्धा तिला दारावरची पाटी बदलल्यावर कळलं होतं. दिवसभरात कामाखेरीज तिच्याशी बोलणारं माणूस एकच होतं, आणि ते म्हणजे हाताने पुर्जे जोडायच्या टेबलावरची आक्का. आक्का रोज डबा घेऊन तिच्यासमोर येऊन बसायची आणि इकडचं तिकडचं बोलायची. दुर्बिणीचा दिवस त्या अर्ध्या तासावर उभा होता.

साहेबांनी तिला ऑफिसात नेऊन दार लावून घेतलं. एके काळी सोमवार-मंगळवारी साहेबांसमोर उभं राहायचं म्हणजे कान फुटायची पाळी. रविवारभर घरी बहिऱ्या वडिलांशी, म्हणजे मोठ्या साहेबांशी, ओरडून बोलायचं, ते ओरडणं पुढे दोन दिवस गळ्यातून उतरत नसे. अलीकडे मात्र त्यांचा आवाज खाली आला होता. धंद्याची काळजी, असं लोक म्हणत. आजही ते हळूच बोलले. टेबलावरचा कागद त्यांनी पट्टी बांधलेल्या बोटाने पुढे सरकवला.

"उद्या गिऱ्हाइकाचा माणूस येतोय. त्याला दोन गोष्टी हव्यात. शिसं कुणामुळे आलं ते, आणि तो माणूस पुन्हा कामाच्या हॉलमध्ये पाय ठेवणार नाही हे. मला तुमच्याकडून फक्त पुरावा हवाय. नाव मला माहीत आहे."

"कुणाचं?"

साहेब खिडकीकडे बघत म्हणाले, "आक्काचं."

२

आक्कावर संशय यायला कारण होतं, आणि ते तिनेच पुरवलेलं होतं. नवं सोल्डर आल्यापासून तिने त्याला एक दिवस चांगलं म्हटलं नव्हतं. "शिशाचं सोल्डर कसं, हाक मारली की धावत यायचं," ती भर जेवणात सांगायची. "हे नवं म्हणजे रुसलेला जावई. कितीही ऊब द्या, जागचं हलत नाही. आणि हललं तरी तोंड काळवंडलेलं." सगळे हसायचे. ते हसणं आता तिच्या अंगाशी आलं होतं.

दुर्बीण तिच्या टेबलाशी गेली तेव्हा आक्का नेहमीच्या जागी होती. डोळ्यांना जाड चष्मा, समोर सोल्डर वितळवायचा आयर्न स्टँडमध्ये निजलेला. आयर्न नुकताच चालू केला होता आणि आक्का त्याच्या टोकाकडे एकटक बघत होती. रोज सकाळी ती हेच करायची. टोकावर आदल्या दिवशी लावलेला सोल्डरचा थेंब असे. तो वितळून चकाकेपर्यंत ती कुणाशी बोलत नसे. थेंब चकाकला.

"उठला," आक्का म्हणाली आणि मग मान वर केली. "काय गं? तोंड का पाडलंस?"

"शिसं सापडलं, आक्का. साहेब तुमचं नाव घेतायत."

आक्काने चष्मा काढला आणि पदराने पुसला. नाकाला मिरच्या झोंबतील, ती टेबल डोक्यावर घेईल, असं दुर्बिणीला वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही.

"तुमच्याकडे शिशाच्या सोल्डरची जुनी तार आहे का? घरी, पिशवीत, कुठेही?"

"नाही."

"तुमच्या आयर्नला दुसरं कोण हात लावतं?"

"तो घाईवाला इंजिनियर कधीमधी. त्याला शंभरदा सांगितलं, काम झालं की टोक पुसून तसंच उघडं ठेवू नकोस, त्याला कथलाचं पांघरूण घाल. उघडं टोक हवेने काळं पडतं, मग सोल्डर धरत नाही. ऐकेल तर शपथ. पोरींनाही सांगून बघितलं. आमच्या हाताखाली शिकून ही सवय लागलेला माणूस एकच निघाला."

"कोण?"

आक्का थबकली. "तो आता आयर्न धरत नाही," ती म्हणाली आणि समोरचा बोर्ड उगाच उलटासुलटा करत राहिली.

"आक्का, तुम्ही साहेबांना जाऊन सांगा ना, की मी नाही केलं."

"सांगून काय होणार आहे?" आक्काने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तू असं कर. माझं नाव लिहून टाक."

३

निरपराध माणूस नाव लिहून टाक म्हणतो तेव्हा कुठेतरी पाणी मुरत असतं, एवढं तिला कळत होतं. ती थेट भांडारात गेली.

भांडारवाल्याला सगळे 'कुलूप' म्हणत. तो चहाच्या कपालाही कुलूप लावेल अशी त्याची ख्याती होती. त्याच्यासमोर घाईवाला इंजिनियर आधीच हातवारे करत उभा होता.

"मी सांगतो ना, दोष कोऱ्या बोर्डांचाच आहे," इंजिनियर म्हणाला. "नुसतं तांबं हवेत काळं पडतं, म्हणून बोर्ड बनवणारे त्यावर मुलामा देऊन पाठवतात. कधी गरम हवेने पसरवलेलं कथील, कधी चांदी, कधी निकेलवर सोनं. जुन्या पद्धतीच्या कथलात शिसं असायचं. यांनी स्वस्तातला माल उचलला असणार!"

"उचलला म्हणे!" कुलूप तडकला. "ताई, तुम्हीच बघा."

त्याने पेटीतला कोरा बोर्ड तिच्या हातात ठेवला. पुर्जे बसायच्या जागा पिवळ्याधमक होत्या. सोनं. परत आलेले बोर्डही याच खेपेतले, आणि त्यांच्यावरच्या रिकाम्या राहिलेल्या जागा ती सकाळीच क्ष-किरणांच्या यंत्राखाली तपासून आली होती. त्यांत शिशाचा मागमूस नव्हता. मुलाम्यात असतं तर बोर्डभर दिसलं असतं.

"मग सोल्डरच्या भट्टीत असेल," इंजिनियर म्हणाला.

"भट्टीतून बोर्डाची अख्खी बाजू जाते. त्या बाजूचे सोल्डरचे सगळे डाग स्वच्छ आहेत." तिची नजर कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटावर गेली. "त्यात काय आहे?"

कुलपाचा चेहरा पडला. "काही नाही. जुनं सामान."

"उघडा."

"साहेबांची परवानगी..."

"जुनी तार ठेवलीय ना आत?" इंजिनियर ओरडला. "बघा, कसा घाम फुटलाय!"

कुलपाने किल्ली फिरवली. दार उघडलं. आत एक उशी होती, चांगली कापसाची, फुलाफुलांचा अभ्रा घातलेली. शेजारी घडी केलेली पातळ चादर.

"दुपारी पाठ टेकायला," तो पुटपुटला. "ताई, कुणाला सांगू नका."

एरवी दुर्बीण हसली असती. आज तिला हसू आलं नाही, कारण एकेक दार बंद होत होतं आणि उरलेली वाट कुठे जाते ते तिला दिसत होतं. मुलाम्यात शिसं नाही, भट्टीत नाही, भांडारात नाही. बोर्डावरचा फक्त एक पुर्जा हाताने जोडला जायचा, काठावरचा आठ पायांचा कनेक्टर. शिसं त्याच्याच पायांत होतं. आणि तो पुर्जा सबंध कारखान्यात एकाच टेबलावर, एकाच आयर्नने बसवला जायचा.

४

दुपारी ती जेवायला गेली नाही. आक्कासमोर बसून घास उतरला नसता. दाराआडून आक्काचा आवाज आला, "अगं, डबा गार होतोय," आणि थोड्या वेळाने पावलं निघून गेली.

तिने दोषी बोर्ड ओळीने मांडले आणि प्रत्येक कनेक्टरच्या एकेका पायाचं शिसं मोजायला घेतलं. पहिली गंमत लगेच दिसली. कुणी शिशाची तार वापरली असती तर आठही पायांत शिसं ठासून भरलेलं आणि सारखं असतं. इथे ते नावापुरतं होतं आणि पायागणिक कमी होत गेलेलं. मळक्या पायांनी कुणी घरात शिरावं आणि पहिली पावलं ठसठशीत, पुढची पुसट उमटावीत, तसं.

म्हणजे शिसं तारेत नव्हतं. ते आयर्नच्या टोकावर होतं. आधीच्या कसल्यातरी कामाचं टोकाला चिकटलेलं शिसं या पायांवर उतरत उतरत संपलं होतं.

इंजिनियर मागे येऊन उभा राहिला होता. "तुमचं यंत्र बिघडलंय," तो म्हणाला. "पहिल्या पायात सर्वांत जास्त, ठीक. पण त्याखालोखाल आठव्यात? आणि दुसऱ्यात त्याहून कमी? कमी होत जाणारी गोष्ट मध्येच उडी मारते का?"

"तुम्ही कनेक्टर कसा जोडता?"

"कसा म्हणजे? एक, दोन, तीन... सरळ आठपर्यंत."

"म्हणूनच तुमचे कनेक्टर तिरके बसतात." तिचे डोळे आकड्यांवरून हलत नव्हते. "आक्का आधी पहिला पाय टेकवते, मग लगेच पलीकडच्या टोकाचा आठवा. पुर्जा दोन्हीकडून धरला गेला की बोटाने दाबून बघते. मग दुसऱ्यापासून पुढे."

एक, आठ, दोन, तीन. शिसं नेमकं याच क्रमाने घटत गेलं होतं. प्रत्येक बोर्डावर. हा आक्काचाच हात होता, सहीइतका स्पष्ट.

तिने डोळे मिटले. पुरावा मागितला होता ना साहेबांनी? हा घ्या पुरावा.

पण दुर्बीण म्हणजे दुर्बीण. हातातलं काम अर्धवट टाकणं तिला जमत नसे. तिने दोषी बोर्डांचे क्रमांक लावून पाहिले. ते सगळे एकमेकांपासून आठवड्याच्या अंतरावर होते. प्रत्येक बोर्ड आठवड्यातला पहिला होता, सोमवारी सकाळी आक्काच्या टेबलावर सर्वांत आधी आलेला. त्याच्यानंतरचे सगळे निर्मळ.

आक्का शिसं वापरत असती तर ते मंगळवारी दिसलं असतं, गुरुवारीही दिसलं असतं. शनिवारी संध्याकाळी टोक स्वच्छ असायचं आणि सोमवारी सकाळी मळलेलं. मधे फक्त रविवार होता. रविवारी कारखान्याला सुट्टी, आणि आक्काच्या जागेवर बसून दुसरंच कुणीतरी शिशाने काम करून जात होतं. सोमवारी आक्का टोक पुसून कामाला लागायची, तरी पुसून सगळं जात नाही.

आणखी एक गोष्ट होती. त्या माणसाने टोक पुसून उघडं ठेवलं असतं तर बोर्डावर उतरण्याइतकं शिसं राहिलंच नसतं. चोर निष्काळजी असता तर पकडला गेला नसता. पण त्याने जाताना टोकाला नीट, जाडसर पांघरूण घातलं होतं, आणि हाताच्या सवयीने ते आपल्याच शिशाच्या तारेचं घातलं होतं. आयर्न नीट निजवून जाणारा माणूस होता तो. घाईवाला इंजिनियर ते आयुष्यात करणार नव्हता. कुलपाला आयर्न कोणत्या बाजूने धरतात हेही माहीत नव्हतं.

आक्काच्या हाताखाली ती सवय लागलेला माणूस एकच होता.

५

फाटकावरच्या पहारेकरी मामांच्या खोलीत एक खुर्ची आणि एक स्टूल होतं. मामांनी तिला खुर्ची दिली. कुणीतरी आपल्याकडे बसायला आलंय याचाच त्यांना एवढा आनंद झाला होता की ती कशाला आली हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

"मामा, रविवारी आत कोण येतं?"

"कुणी नाही. फाटकाला टाळं असतं."

"ऑफिसला मागच्या रस्त्यावरून जिना आहे ना?"

"आहे. त्याची चावी आपल्याकडे नसते." मामांनी चेहरा सावध केला. "का? काय झालं?"

"आक्काची नोकरी जातेय, मामा. उद्या."

मामांचा हात दाढीवर थांबला. मग त्यांनी बाहेर बघितलं आणि आवाज खाली आणला.

"बाई, हसणार नसाल तर सांगतो. मी कुणालाच बोललो नाही. म्हातारा एकटा बसून बसून भ्रमला, म्हणाले असते. रविवारी दुपारी मी इमारतीला फेरी मारतो. आतल्या हॉलमध्ये दिवे नाहीत, माणूस नाही, सगळं चिडीचूप. आणि भिंतीपलीकडून कुणीतरी बोलतं."

"काय बोलतं?"

"एकच. थांबून थांबून, तेच तेच." मामांनी स्टूल जवळ ओढलं. "'ऐकू येतंय का? ... आता ऐकू येतंय का?'"

६

बुधवारी सकाळी, गिऱ्हाइकाचा माणूस यायच्या आधी, दुर्बीण साहेबांच्या ऑफिसात गेली. आक्का तिथे आधीच होती, हात पुढ्यात बांधून, शाळेत बोलावणं आलेल्या आईसारखी अवघडून उभी. टेबलावर कामावरून काढल्याचा कागद तयार होता.

"मिळाला पुरावा?" साहेबांनी विचारलं.

"मिळाला. हात आक्कांचाच आहे."

आक्काने मान खाली घातली. साहेबांनी पेन उचललं.

"पण शिसं त्यांचं नाही," दुर्बीण म्हणाली, आणि बोर्ड टेबलावर ठेवून तिने एकेक गोष्ट सांगितली. घटत जाणारं शिसं, पायांचा क्रम, सोमवारचा पहिला बोर्ड, रविवार, टोकावरचं पांघरूण. बोलताना ती साहेबांच्या पट्टी बांधलेल्या बोटाकडे बघत होती. आयर्न धरायची सवय मोडलेल्या माणसाचं बोट तिथेच भाजतं. "कारखाना दोन टेबलांचा होता तेव्हा इथे शिकायला कोण बसायचं, साहेब?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"मोठ्या साहेबांना तुम्ही हाका मारायचात त्या आम्हाला सोमवारपर्यंत ऐकू यायच्या," ती म्हणाली. "हल्ली येत नाहीत. लोकांना वाटलं तुम्हाला काळजी लागलीय. मला वाटतं, मोठ्या साहेबांना ऐकू यायला लागलंय."

साहेबांनी खणातून एक चौकोनी, जुनाट डबा काढला, जुन्या पद्धतीचं श्रवणयंत्र. छातीला अडकवायची पट्टी, कानापर्यंत जाणारी वायर. कानात दिसतही नाहीत अशी यंत्रं आता मिळतात, पण साहेबांच्या वडिलांनी ती एकामागून एक काढून फेकली होती.

"त्यांना यातूनच ऐकू येतं," साहेब म्हणाले. "त्यातूनच माझा आवाज माझा वाटतो म्हणतात. पण जुनं झालंय. एक डाग दिला की दुसरा तडकतो. नव्या सोल्डरने करून बघितलं, त्याला एवढी उष्णता लागते की या बोर्डावरचं तांबंच उचकटून येतं. घरी जुनी तार होती. घरात हात थरथरतो माझा. आक्काच्या टेबलावर बसलं की थांबतो. वडिलांना या ऑफिसात बसवायचो, डाग दिला की यंत्र लावून विचारायचो, ऐकू येतंय का." त्यांनी डबा हातात फिरवला. "तार आणायचो, घेऊन जायचो, टेबल पुसायचो. मागे काही ठेवलं नाही असंच वाटायचं. पेटी परत आली तेव्हाही मनात आलं नाही, खरंच. टोकाला पांघरूण घालतो हे मला कळतसुद्धा नाही. हातच घालतो."

"तुम्हाला नाही कळलं," दुर्बीण म्हणाली. "पण एका माणसाला कळलं होतं."

तिने काल प्रयोगशाळेत दोन आयर्न शेजारी शेजारी तापवले होते. एकाच्या टोकावर शिशाचा थेंब, दुसऱ्याच्या नव्या सोल्डरचा. शिशाचा थेंब कितीतरी आधी वितळून चकाकला. रोज सकाळी तो थेंब उठायची वाट बघणाऱ्या बाईला सोमवारी तो लवकर उठतोय हे दिसलं नसेल, हे शक्य नव्हतं.

साहेब आक्काकडे वळले. "तू ओळखलं होतंस?"

"पहिल्याच सोमवारी," आक्का म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं?" आक्काचा आवाज चिरकला. "सोमवारी यायचं, आपल्या जागेवर बसायचं, आणि बघायचं तर कुणीतरी येऊन गेलेलं. टेबल पुसलेलं, टोक नीट निजवलेलं. माझ्या घरी कोण येतं रे? इथे तरी येत होतं. मी पुसून टाकायचे. वाटायचं, पुसलं की झालं. नाही झालं, ती माझी चूक. म्हणून म्हटलं, माझंच नाव जाऊ दे. मी गेले तर एक म्हातारी कमी होईल. तुझं नाव गेलं तर कारखाना कोण विचारेल?"

साहेबांनी टेबलावरचा कागद फाडला आणि कोरा घेतला. गिऱ्हाइकाची अट त्यांना माहीत होती. ज्याच्यामुळे शिसं आलं त्याने पुन्हा कामाच्या हॉलमध्ये पाय ठेवायचा नाही. त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, खाली सही केली, आणि मागच्या जिन्याची चावी काढून आक्कासमोर ठेवली.

७

गिऱ्हाइकाचा माणूस येऊन गेला. त्याने बोर्ड पाहिले, आकडे पाहिले, साहेबांकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि कागद घेऊन गेला. काम सुरू राहणार होतं. आक्काची नोकरी वाचली.

जेवायच्या सुट्टीत दुर्बीण डबा घेऊन बसली. आक्का आली नाही. ती पलीकडे पोरींच्या घोळक्यात बसली होती. सुट्टी संपायला आली तेव्हा दुर्बिणीने तिला हॉलच्या दाराशी गाठलं.

"आक्का, रागावलात?"

"रागावू नको तर काय ओवाळू?" आक्का तिच्याकडे न बघता कामाचा झगा चढवत होती. "त्याला एक जागा होती बसायला, तीही गेली. मी हळूच कानात सांगितलं असतं त्याला. त्याने ऐकलं असतं. चारचौघांत उघडं करायची काय गरज होती?"

"तुमची नोकरी वाचवायची होती."

"माझी नोकरी मागितली होती का मी तुझ्याकडे?"

"नाही," दुर्बीण म्हणाली. "मला हवी होती. तुम्ही गेला असतात तर माझ्याशी बोलायला कुणी उरलं नसतं. मी तुमच्यासाठी नाही केलं, आक्का. माझ्यासाठी केलं."

आक्काचे हात बटणावर थांबले. पहिल्यांदाच तिने दुर्बिणीकडे नीट पाहिलं.

"नोकरी गेली असती, मी मेले असते का?" ती म्हणाली. "घरीच असते ना. इतकी वर्षं समोरासमोर जेवतोय. एकदा तरी आलीस माझ्याकडे?"

दुर्बीण म्हणजे केसापेक्षा बारीक भेगा शोधून काढणारी बाई. आक्काचं घर कोणत्या रस्त्यावर आहे, हे तिला ठाऊक नव्हतं.

"कुठे राहता तुम्ही?" तिने विचारलं.

आक्काने सांगितलं. दोन बस थांब्यांवर, औषधांच्या दुकानावर, वरचा मजला. दुर्बीण रोज त्या दुकानावरून जात असे.

"मी येते, आक्का. या रविवारी येते."

"रविवारी नको," आक्का म्हणाली. "रविवारी साहेब येणारेत, वडिलांना घेऊन. माझ्याकडे घरी जुना आयर्न आहे."

"मग कधी येऊ?"

घंटा झाली. पोरी दोघींच्या मधून घाईघाईने आत शिरल्या, आणि आक्का त्यांच्याबरोबर आत गेली.